मदत हवी आहे: सहावीत वाचता न येणारी मुलं आणि माझा बसलेला आवाज

नमस्कार मंडळी,

ऐरोलीकडच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी सहावीला मराठी आणि इतिहास शिकवते, वर्गशिक्षिकाही मीच. पटावर 54 मुलं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय, ते आपलं वाचून सोडून द्यायचं.

मुलं बहुतेक दिघा, रबाळे भागातली. आईवडील एमआयडीसीत, नाक्यावर, नाहीतर घरकामाला. घरी कुणी वडारी बोलतं, कुणी बंजारा. त्याबद्दल काही म्हणणं नाही, उलट मधल्या सुट्टीत ही पोरं तीन भाषांत भांडतात ते ऐकण्यासारखं असतं. घोडं अडतं वाचनापाशी. वर्गातल्या पावभर मुलांना सलग वाचता येत नाही, आणि ते वरवर दिसतही नाही. एक मुलगा धडा घडाघडा म्हणून दाखवतो. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प. चित्रावरून धडा ओळखतो, मोठ्या बहिणीकडून ऐकून पाठ केलेला असतो. परवा फळ्यावर 'रस्त्यावर' लिहिलं, तर 'रस' म्हणाला आणि पुढचं माझ्या ओठांवरून कळतंय का ते बघत राहिला.

तास 35 मिनिटांचा. त्यात धडे पुढे न्यायचे की या मुलांना जोडाक्षरं शिकवायची? शाळा सुटल्यावर थांबवून बघितलं, पण कुणाला धाकट्या भावंडाला घ्यायला अंगणवाडीत जायचं असतं, कुणाला पाणी भरायचं असतं. थांबतात ती नेमकी वाचता येणारी.

दुसरं दुखणं माझं. वर्गाच्या खिडक्या ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूला, ट्रकचा आवाज दिवसभर. त्यावरून ओरडून ओरडून दुपारपर्यंत घसा बसतो. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी यायला लागल्यात, बोलणं कमी करा. शिक्षिकेला! बरं, घरी आल्यावर गप्प बसावं तर मोबाईल बसू देत नाही. यू-डायसची (शाळेच्या सरकारी ऑनलाइन माहितीची) दुरुस्ती, मुलांचे अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक, पोषण आहाराचे आकडे, 'लिंक आजच भरा', आणि हे रात्री साडेनऊला. त्यात बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं कामही माझ्या गळ्यात आहे. शाळेने आमच्या 'ताणमुक्ती'साठी एक शिबिर ठेवलं होतं, तेही सुट्टीच्या शनिवारी. म्हणजे तीही सकाळ गेली.

तेव्हा योगा आणि 'स्वतःसाठी वेळ काढा' सोडून काहीही सांगा. 54 मुलांत वाचनाचे गट कुणी प्रत्यक्ष चालवलेत का? आणि आवाज न वापरता वर्ग कसा धरायचा?

– कळवेकरीण

जुनीखडू: ताई, मी निवृत्त शिक्षिका, ठाण्यात लोकमान्यनगर भागात होते. आधी प्रत्येक मुलाला एकेक मिनिट जवळ बसवून वाचून घ्या. अक्षर, शब्द, सोपा उतारा, गोष्ट, एवढ्याच चार पायऱ्या. 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेचे लोक असंच करतात. त्यांच्या 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या तपासणीतली सगळ्यात वरची पायरी, म्हणजे गोष्ट, दुसरीच्या पातळीची असते, आणि तिथेही मोठ्या वर्गातली मुलं अडकतात. मग इयत्ता विसरून पायरीप्रमाणे गट पाडायचे. हे एकटीने रेटू नका. पाचवी, सहावी, सातवीचा मराठीचा एक तास वेळापत्रकात एकाच वेळी लावून मागा. तीन शिक्षकांनी पायऱ्या वाटून घेतल्या की कुणाच्याच वाट्याला चार गट येत नाहीत. आम्ही रोज हा तास घ्यायचो आणि दर महिन्याला मुलं वरच्या गटात सरकवायचो. आठवड्यातून एकदा घेतलं तर मागचं विसरून येतात. आणि हुशार मुलांना रोज 'छोटे शिक्षक' करू नका, त्यांचंही शिकायचं वय आहे.

रबाळेकर: बीएलओबद्दल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून नुसतं कलम दाखवून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात मतदारयाद्यांचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं असं म्हटलंय. त्याचा हवाला देऊन मुख्याध्यापकांमार्फत लेखी पत्र द्या. तोंडी बोललेलं हवेत जातं. अर्थात त्यानेही तुमचे रविवार वाचत नाहीत, वाचतो तो वर्ग.

लिंकांसाठी आमच्या शाळेत आठवड्याला एक शिक्षक 'लिंकवाला' ठरतो, त्याचा एक ऑफ तास त्यासाठी राखून ठेवतात. बाकीच्यांनी ग्रुप म्यूट केला तरी चालतं. मुख्याध्यापक पटले म्हणून हे जमलं, नाहीतर अवघड होतं.

नुसतीवाचक: माझी बहीण शिक्षिका आहे, तिलाही गाठी झाल्या होत्या. कुजबुजत बोलू नका, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. सारखं खाकरणंही टाळा. डॉक्टरांकडून स्पीच थेरपिस्टचं नाव घ्या, आवाज कसा लावायचा ते शिकवतात. ती कमरेला लावायचा छोटा माईक-स्पीकर वापरते. मुलं पहिल्या दिवशी हसली, नंतर सवय झाली. आणि झोप उडाली असेल किंवा शाळेत जायच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

कळवेकरीण: सगळ्यांचे आभार. एक मिनिटाची तपासणी सोमवारपासून सुरू करते, पाचवीच्या बाई तयार आहेत. सातवीचे सर 'पोर्शन राहील' म्हणतात, त्यांना काय सांगू? जुनीखडू ताई, तपासणीला उतारा कुठला घेत होतात?

जुनीखडू: पुस्तकातला मुळीच नको, तो पाठ असतो. स्वतः लिहायचा, चारपाच ओळींचा, जोडाक्षरं कमी. आम्ही रिक्षा, पाऊस, पाण्याचा टँकर असलंच काहीतरी लिहायचो. सरांना म्हणावं, पोर्शन संपेल, पण पेपरातला प्रश्न कोण वाचणार? नाहीच ऐकले तर दोघींनीच सुरू करा, वाट बघू नका.

कळवेकरीण: बरं. सांगते त्यांना. आता माईकचं सांगा कुणीतरी, पंखा चालू असताना शिट्टी न मारणारा कुठला आहे? हजाराच्या आत बसला तर उत्तम.