शब्दचर्चा: 'ट्रेडिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

लालबागकर:
आमच्या वाचनालयात येत्या रविवारी शेअर बाजाराची तोंडओळख ठेवली आहे. येणारी मंडळी बहुतेक पन्नाशी-साठीची. मुलांनी मोबाइलवर डिमॅट खातं उघडून दिलंय, पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. त्यांच्यासाठी मराठीत पानभर टिपण काढायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'इन्व्हेस्टिंग'ला गुंतवणूक आहेच. 'ट्रेडिंग'ला काय लिहू? 'व्यापार' लिहिलं तर डोळ्यांसमोर किराणा दुकान येतं. 'उलाढाल' म्हणजे टर्नओव्हर झाला. माझे मामा सरळ 'सट्टा' म्हणतात, पण ते छापलं तर निम्मा वर्ग उठून जाईल आणि उरलेला निम्मा भलत्याच आशेने बसून राहील. जाणकारांनी सुचवावं.

पार्लेकर:
वर्तमानपत्रांनी 'व्यवहार' स्वीकारला आहे. "दुपारच्या व्यवहारात सेन्सेक्स घसरला", "व्यवहाराअंती निफ्टी अमुक पातळीवर स्थिरावला" वगैरे. पण तुमचं काम त्याने भागणार नाही, कारण वीस वर्षांसाठी शेअर घेणाराही व्यवहारच करतो. मी 'अल्पमुदतीची खरेदी-विक्री' लिहीन. लांब आहे, पण चुकीचा अर्थ निघत नाही.

बोरिवलीकर:
ट्रेडिंगला ट्रेडिंगच लिहा. कोणालाही कळतं.

गिरगावकर:
कळतं असं वाटतं, तिथेच गोची आहे. लालबागकर ताई, माझी सगळी नोकरी फोर्टातल्या एका दलालाच्या पेढीवर झाली. तिथे 'ट्रेडिंग' हा शब्द फारसा कानावर पडायचा नाही. विचारायचे, "कशात काम करतोस?" सौदा करणं म्हणजे काम करणं. आणि माणसं दोनच प्रकारची: डिलिव्हरी उचलणारी आणि न उचलणारी. तुमच्या टिपणाची सुरुवात या फरकापासून करा, मग शब्द कुठलाही वापरलात तरी चालेल.

डिलिव्हरी उचलणं म्हणजे पूर्ण पैसे मोजून शेअर स्वतःच्या नावावर करून घेणं. आज घेतलेला शेअर आता लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटमध्ये जमा होतो. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हा नियम लागू झाला. आमच्या वेळी कागद हातात यायचा. सर्टिफिकेट आणि त्याला टाचलेलं ट्रान्सफर डीड. ते कंपनीकडे पाठवायचं आणि विकणाऱ्याची सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून सगळं परत. मग पहिल्या विकणाऱ्याला शोधत फिरा. एखाद्याने सही करताना 'र'ची शेपटी लांबवली म्हणून महिनोन् महिने अडकलेले शेअर मी पाहिलेत. १९९६ साली डिपॉझिटरी कायदा आला, हळूहळू कागद गेला आणि ही कटकट संपली.

न उचलणारा सकाळी घेतो आणि साडेतीनच्या आत विकून मोकळा होतो, किंवा आधी विकतो आणि मग घेतो. शेअर त्याच्या खात्यात येतच नाही. फक्त भावातला फरक जमा होतो किंवा वजा होतो.

आता मामांच्या शब्दाबद्दल. मामा कायद्याने बरोबर आहेत. शेअरची डिलिव्हरी न घेता त्याच दिवशी उलटवलेल्या सौद्याचं उत्पन्न आयकर खातं सट्ट्याच्या धंद्याचं उत्पन्न म्हणूनच धरतं. त्यातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, तो सट्ट्याच्याच नफ्यातून वजा करायचा.

बोरिवलीकर:
मग काका, हेही सांगा की मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे फ्युचर्स-ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेचे करार, त्याच आयकर कायद्यात सट्ट्यातून वगळलेले आहेत. तो साधा धंदा धरतात. मी ते करतो. सट्टेबाज म्हणवून घ्यायला मला आवडत नाही.

गिरगावकर:
वगळलेले आहेत, खरं आहे. पण कराची व्याख्या वेगळी आणि जोखीम वेगळी. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या १०० वैयक्तिक लोकांपैकी ९३ तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. इंट्राडेचं, म्हणजे त्याच दिवशी उलटवलेल्या सौद्यांचं, चित्र त्या मानाने सौम्य, तिथे २०२२-२३ मध्ये दहापैकी सात तोट्यात. म्हणजे ज्याला आयकर खातं सट्टा म्हणतं त्यापेक्षा ज्याला म्हणत नाही त्यात जास्त लोक बुडाले. वर्गात हे सांगाच, ताई.

बोरिवलीकर:
आकड्यांशी वाद नाही. पण रोज खरेदी-विक्री करणारे नसतील तर तुमचा डिलिव्हरीवाला विकायला आल्यावर घेणार कोण?

गिरगावकर:
हे मान्य. त्यालाही जुना शब्द आहे, 'तारावणीवाला'. रिंगणात उभा राहून दोन्हीकडचे भाव बोलणारा, म्हणजे जॉबर. एका भावाने घ्यायचा, दुसऱ्याने द्यायचा, मधले चार-आठ आणे त्याचे. १९९५ साली मुंबई शेअर बाजारात संगणकावर सौदे सुरू झाले, रिंगणातला आरडाओरडा थांबला, आणि हा शब्दही गेला.

पार्लेकर:
घेणारा लगेच मिळण्याच्या त्या सोयीला अर्थवृत्तांत 'तरलता' किंवा 'रोकडसुलभता' लिहितात. मला दुसरा जास्त आवडतो. 'तरलता' ऐकून कविता आठवते. 'रोकडसुलभता' म्हणजे विकायला काढलं की रोकड सहज हातात येते की नाही, हे शब्दातच आहे. पार्ल्यातला फ्लॅट लाखमोलाचा असतो, पण त्याची रोकडसुलभता कमी.

लालबागकर:
वा, हा घेतला. आता तेजी-मंदी. हे सोपं वाटलं होतं. पण बातमीत 'बाजारात मंदी' म्हणजे भाव पडताहेत, 'जागतिक मंदी' म्हणजे नोकऱ्या जाताहेत, आणि परवा लोकलमध्ये एक मुलगा फोनवर म्हणत होता, "आज बँक निफ्टीत मंदी केली, मस्त सुटलो." मंदी *केली* म्हणजे?

बोरिवलीकर:
म्हणजे शॉर्ट केलं. भाव पडणार असं वाटलं म्हणून आधी विकलं, खाली आल्यावर घेऊन सौदा कापला. तसंच 'तेजी करणे' म्हणजे चढेल या अंदाजाने घेणं. शेअरमध्ये असं आधी विकणं सामान्य माणसाला त्याच दिवसापुरतंच जमतं. संध्याकाळपर्यंत परत घेतलं नाही, तर द्यायला शेअर नसतो, आणि एक्स्चेंज तो लिलावातून घेऊन समोरच्याला देतं. लिलावात जो भाव लागेल तो तुमच्या माथी. वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या भावाच्या कमाल मर्यादेला, शेअर अडकला की हेच होतं, कारण विकणारा कोणी नसतो.

गिरगावकर:
तेजी-मंदीचा आणखी एक अर्थ आहे आणि तो चक्क कायद्यात आहे. रोख्यांच्या व्यवहारांबद्दलचा १९५६ चा केंद्रीय कायदा आहे, सगळ्या शेअर बाजारांचा पाया तोच. सगळा इंग्रजीत. त्यात 'ऑप्शन'ची व्याख्या देताना कोणकोणते करार त्यात येतात ते लिहिलंय: तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली, पुट, कॉल. इंग्रजी वाक्यात आपले शब्द रोमन लिपीत तसेच बसवलेत. कॉल-पुट हे सगळ्यात शेवटी.

म्हणजे आज ज्याला 'कॉल घेतला' (ठरल्या भावाने घ्यायचा हक्क घेतला) म्हणतात त्याला इथले लोक 'तेजी घेतली' म्हणत होते आणि 'पुट'ला, म्हणजे विकायच्या हक्काला, 'मंदी'. दोन्ही एकदम घेतलं तर 'तेजी-मंदी'. रुई, सोनं-चांदी, शेअर, सगळीकडे हे चालायचं. सगळ्यात मजेची गोष्ट अशी की या कायद्याने एका कलमात त्यांची व्याख्या केली आणि दुसऱ्या कलमात ते बेकायदा ठरवले. ती बंदी १९९५ साली उठली. २००१ मध्ये ऑप्शन अधिकृतपणे सुरू झाले तेव्हा ते कॉल-पुट म्हणून आले, आणि पोरांना वाटलं हे परदेशातून आलं.

('गल्ली' वाचून मुंबईच्या माणसाला क्रिकेटच आठवणार, त्याला इलाज नाही.)

लालबागकर:
काका, हे कमाल आहे. पण वर्गात ऑप्शन समजावायचं झालं तर उदाहरण काय देऊ?

गिरगावकर:
न करण्यासाठी समजावायचं असेल तर देतो. शेअरचा भाव १,५०० धरा. तुम्हाला वाटतं महिनाअखेर वर जाईल. १,५६० ची तेजी, म्हणजे त्या भावाने घ्यायचा हक्क, शेअरमागे ३० रुपये देऊन घेतली. एक लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावा लागणारा किमान गठ्ठा, १,००० शेअरचा असला तर ३०,००० रुपये आत्ता गेले. मुदतीच्या दिवशी भाव १,५५० आला. अंदाज बरोबर आला, शेअर ५० रुपयांनी चढला, आणि तुमचे ३०,००० पूर्ण गेले. १,५९० च्या वर गेला तरच नफा, खर्च वेगळा. दिशा बरोबर येऊन पैसे जातात, हे नवख्याला पचत नाही. ज्याने डिलिव्हरी उचलली होती तो मात्र त्याच दिवशी ५० रुपयांनी वर होता आणि त्याला मुदत नव्हती.

विकणाऱ्याची बाजू वर्गात काढूच नका. त्याचा नफा ३०,००० वर थांबतो, तोट्याला थांबा नाही.

पार्लेकर:
'वायदा'बद्दलही एक ओळ टाका. फ्युचर्सना वायदे हा आपला पक्का शब्द आहे. हिंदीत त्याचा अर्थ वचन, आपल्याकडे मुदतही. वायदा पाळणे म्हणताना जो अर्थ असतो तोच इथे आहे: ठरल्या तारखेला ठरल्या भावाने. तिथे ऑप्शनसारखी नको म्हणायची मुभा नाही.

लालबागकर:
'बदला'ही त्यातलाच का? आई म्हणते, तिच्या काकांनी बदल्यात पैसे लावले होते. मला लहानपणी वाटायचं कोणाशी तरी वैर होतं.

गिरगावकर:
नाही हो, वैर नाही. सौदा पुढच्या सेटलमेंटला, म्हणजे हिशेब चुकता करायच्या पुढच्या तारखेला, ढकलायचा आणि त्याबद्दल व्याजासारखी रक्कम द्यायची, तो बदला. ज्याच्याकडे डिलिव्हरीचे पैसे नाहीत पण तेजीही सोडायची नाही, तो बदला देऊन सौदा पुढे न्यायचा. पैसे पुरवणारे तुमच्या आजोबांसारखे लोक ते व्याज घ्यायचे. क्वचित मंदीवाले इतके अडकायचे की त्यांनाच रक्कम मोजावी लागायची, त्याला 'उंधा बदला'. २००१ मध्ये सेबीने सगळं बंद केलं.

लालबागकर:
शेवटचे काही. "कंपनीने २०० टक्के लाभांश जाहीर केला" हे वाचून शेजारच्या मावशी मला विचारत होत्या, पैसे तिप्पट होणार का?

पार्लेकर:
हा घोळ प्रत्येकाचा होतो. लाभांशाचे टक्के दर्शनी मूल्यावर, म्हणजे शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीवर असतात, बाजारभावावर नाही. दर्शनी मूल्य २ रुपये असेल तर २०० टक्के म्हणजे ४ रुपये. तो शेअर मावशींनी ८०० ला घेतला असेल तर त्यांच्या पैशावर अर्धा टक्का मिळाला. बचत खातं जास्त देतं.

'बक्षीस समभाग' हाही तसाच फसवा शब्द. बोनस एकास एक आला की १०० चे २०० शेअर होतात आणि ८०० चा भाव ४०० च्या आसपास येतो. बक्षीस कुठलं, तेच पैसे दोन पाकिटांत. मी भाषांतरात नुसतं 'बोनस शेअर' लिहिते. 'बक्षीस' लिहिणाऱ्याने वाचकाला फुकटची आशा लावली असं मला वाटतं.

आणि 'अंश' राहिला. सेन्सेक्स ४०० अंशांनी पडला म्हणजे किती, असं विचारतील. अंश सांगू नका, टक्के सांगा. सेन्सेक्समध्ये १९७८-७९ ची पातळी १०० धरली आहे, तो १९८६ पासून प्रसिद्ध होतो, त्यात ३० कंपन्या. हजाराच्या पातळीवर ४०० अंश म्हणजे हाहाकार. ८०,००० वर ४०० म्हणजे अर्धा टक्का, चहा थंड होईपर्यंत भरून येतो.

बोरिवलीकर:
स्टॉप लॉसला, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकून टाक या आधीच दिलेल्या सूचनेला, काही मराठी करू नका, प्लीज. 'तोटारोधक' वाचून मला जुलाबाचं औषध आठवलं होतं. फक्त एवढं लिहा की तो लावला म्हणजे त्याच भावाला सुटका होईल असं नाही. भाव रात्रीतून खाली उघडला तर सौदा खालीच कापला जातो. मार्केट प्रकारचा, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणारा, लावला असेल तर. लिमिट प्रकारचा, म्हणजे ठरल्या भावाखाली न विकणारा, असेल तर कदाचित कापलाच जात नाही.

लालबागकर:
सगळ्यांचे आभार. पहिली ओळ अशी केली: "शेअर विकत घेऊन स्वतःच्या नावावर ठेवणे ही गुंतवणूक. नावावर न घेता किंवा थोड्या मुदतीसाठी घेऊन भावातल्या फरकावर पैसे मिळवू पाहणे म्हणजे ट्रेडिंग. त्यातल्या एका दिवसाच्या, डिलिव्हरी न घेता केलेल्या सौद्याला कायदाही सट्टा म्हणतो." मामांना दाखवलं, खूष झालेत. 'डिलिव्हरी'ऐवजी 'सुपूर्दगी' लिहू का?

गिरगावकर:
नको. अ‍ॅपमध्ये खरेदी करताना बहुधा 'डिलिव्हरी' आणि 'इंट्राडे' हेच शब्द समोर येतात, कुठे आडवे, कुठे उभे. त्यांना तेच ओळखता आले पाहिजेत. वर्गात कोणाचा तरी फोन घेऊन ती जागा बोट ठेवून दाखवा, आणि खरेदीचं बटण दाबण्याआधी दोन्हींपैकी कोणतं निवडलेलं आहे ते मोठ्याने वाचायला लावा. चुकून इंट्राडे राहिलं, तर दुपारी सव्वातीनच्या सुमारास ब्रोकर आपणहून शेअर विकून टाकतो, आणि मग मावशी तुमच्याकडेच येणार.