डिस्कवर्ल्डमध्ये तुम्ही कुठून शिरलात?

लोकहो, इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फॅंटसी मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ची, शेवटची २०१५ची. नवख्याने सुरुवात कुठून करावी, यावर चाहते कायम भांडत असतात. माझं मत ठाम आहे: आठवी, 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९). पहिल्या दोन पुस्तकांत लेखक इतरांच्या फॅंटसीची टर उडवतोय, इथे त्याला स्वतःची माणसं सापडलीत.

फॅंटसीत नायकावर एकेक करून धावून जाणारे आणि पटापट मरणारे पहारेकरी असतात ना? हे पुस्तक त्यांनाच अर्पण केलंय, आणि गोष्टही त्यांचीच. दारुडा कॅप्टन व्हाइम्स, भांडण संपल्याची खात्री करूनच पोचणारे कोलन आणि नॉबी, आणि बुटक्यांनी वाढवलेला सहा फुटी कॅरट, जो कायद्याचं पुस्तक खरंच पाळतो. शहरावर ड्रॅगन येतो.

गच्चीवरचा प्रसंग तर कळस आहे. दहा लाखांत एक शक्यता असली की गोष्टीत बाण हमखास लागतो, हे ड्रॅगनवर नेम धरलेल्या या पहारेकऱ्यांना ठाऊक. पण शक्यता बरोब्बर दहा लाखांत एकच हवी! म्हणून कोलनला एका पायावर उभं करणं वगैरे प्रकार करून नेम मुद्दाम अवघड करत बसतात. बाण अर्थातच चुकतो.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. मालिकेतलं कुठलंही पुस्तक चालेल.

*

गच्चीबद्दल +१. पण मला ड्रॅगनपेक्षा शहराची भीती वाटली. ड्रॅगन राजा होतो, खंडणी मागतो, मुलगी मागतो, आणि मोठी माणसं खाली मान घालून बैठकीत बसतात. कोणीच विरोध करत नाही, कारण शेजारचा करत नाही. हसता हसता तो प्रसंग आला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. विनोदी कादंबरीत असं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

*

माझा विरोध नोंदवून घ्या. मी पहिल्यापासून, 'द कलर ऑफ मॅजिक'पासून वाचलं आणि मजेत वाचलं. शेकडो पायांवर मालकामागे धावणारी, वाटेत येईल त्याला गिळणारी पेटी ज्याला आवडत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. कथानक विस्कळीत आहे, कबूल. पण क्रमाने वाचलं की लेखक पुस्तकागणिक सुधारताना दिसतो, ते सुख मधूनच शिरणाऱ्यांना मिळत नाही.

*

मला नाही झेपलं. प्रकरणं नाहीत, त्यामुळे रात्री थांबायचं कुठे ते कळत नाही. तळटीपा ई-बुकमध्ये शेवटी ढकललेल्या. प्रत्येक वेळी उडी मारून जा, परत या, तोवर विनोद थंड. छापील प्रत घ्या, एवढाच सल्ला.

*

मी मृत्यूच्या दारातून आले. म्हणजे 'रीपर मॅन' (१९९१). बाबा गेल्यानंतर कोणीतरी हातात दिलं. तेव्हा मला त्या व्यक्तीचा रागच आला होता. यात मृत्यू हे एक पात्र आहे, आणि त्यालाच कामावरून काढतात. त्याचं स्वतःचं वाळूचं घड्याळ सुरू होतं आणि तो मिस फ्लिटवर्थ नावाच्या म्हातारीच्या शेतावर गडी म्हणून राबायला लागतो. गवत कापायला सांगितल्यावर तो एकेक पातं वेगळं कापतो, भराभर कापत नाही. मी तिथे खूप वेळ रडले. पुस्तकात जादूगारांचं दुसरं उपकथानक आहे, ते मी दर वेळी भराभर चाळते.

*

'नाइट वॉच'चं (२००२) नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? व्हाइम्स तीस वर्षं मागे फेकला जातो आणि तरुणपणीच्या स्वतःलाच पोलिसी शिकवतो. माझ्या मते हे मालिकेतलं सर्वोत्तम. पण इथून सुरुवात करू नका हो. 'गार्ड्स'मधला गटारात पडलेला व्हाइम्स आधी पाहिलेला नसेल, तर त्याची पदवी, घर, बाळंत होऊ घातलेली बायको, हे सगळं पणाला लागलंय याचं वजन कळत नाही. त्या दृष्टीने धागाकर्त्यांचं बरोबर आहे.

आणि एक गंमत. यातले बंडखोर सत्य, न्याय, स्वातंत्र्य यांच्या यादीत उकडलेलं अंडंही मागतात. 'गार्ड्स'मध्ये शहर वाचवल्यावर पहारेकऱ्यांना बक्षीस विचारतात, तेव्हा ते काय मागतात आठवतंय? थोडी पगारवाढ, नवी किटली आणि डार्टबोर्ड. प्रॅचेटची माणसं मागायला लाजतात, म्हणून मला ती खरी वाटतात.

*

किटली! मी विसरलेच होते. 'मेन अ‍ॅट आर्म्स'मधला (१९९३) बुटांचा हिशेबही त्याच व्हाइम्सचा: पन्नास डॉलरचे बूट वर्षानुवर्षं टिकतात, दहाचे लवकर फाटतात, म्हणून गरीब माणूस बुटांवर जास्त खर्च करतो आणि तरी पाय ओलेच. अर्थशास्त्राची पुस्तकं वाचून हे मला इतकं लख्ख कळलं नव्हतं.

बाय द वे, भाचीसाठी विचारतेय. वय बारा, पुस्तकं फडशा पाडते. मालिकेतलंच 'द वी फ्री मेन' (२००३) द्यावं की 'मॉरिस' ('द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडंट्स')? 'मॉरिस'ला कार्नेगी पदक (ब्रिटनमधला बालसाहित्याचा पुरस्कार) आहे, पण त्यातले उंदरांचे सापळे मला स्वतःलाच अंगावर आले होते.

*

'वी फ्री मेन' द्या. नायिका नऊ वर्षांची आहे आणि राक्षसिणीला तव्याने हाणते. बारा वर्षांच्या मुलीला अजून काय हवं?