मॅक्रेंच्या बटालियनचे स्मृतिभोजन : आदरांजली की सोयीचा विसर?

पूर्वेचा वारा (धागाकर्ता)

एडिनबरोत राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली. फुटबॉलचे वेड असे मला कधीच नव्हते, तरी शेजारच्या आजोबांचा आग्रह मोडवेना म्हणून ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ (थोडक्यात हार्ट्स) या इथल्या फुटबॉल क्लबाच्या काही चाहत्यांनी ठेवलेल्या एका स्मृतिभोजनाला गेलो. निमित्त होते पहिल्या महायुद्धातल्या, ब्रिटिश सैन्याच्या रॉयल स्कॉट्स या रेजिमेंटच्या १६व्या बटालियनचे, जिला इथे सगळे ‘मॅक्रेंची बटालियन’ म्हणतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९१४च्या हंगामात हार्ट्सने लागोपाठ आठ सामने जिंकून सुरुवात केली होती. संघ लीगमध्ये अग्रस्थानी असतानाच २५ नोव्हेंबर रोजी त्याचे ११ खेळाडू सर जॉर्ज मॅक्रे या माजी खासदाराच्या नव्या बटालियनमध्ये भरती झाले. त्यांच्या पाठोपाठ शेकडो पाठीराखे गेले, हिबर्नियन, रेथ रोव्हर्स, फॉल्कर्क अशा इतर क्लबांचे खेळाडूही गेले. दिवसा सामने आणि रात्री पेंटलंडच्या डोंगरात कवायत करून थकलेला तो संघ अखेरीस सेल्टिकच्या मागे अवघ्या ४ गुणांनी राहिला. १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, हॅरी वॅटी, डंकन करी आणि अर्नेस्ट एलिस हे तीन खेळाडू मारले गेले. युद्ध संपेपर्यंत पहिल्या संघातले सात जण गेले होते.

माझा आक्षेप जेवणावर नाही. टेबलावरच्या छापील पत्रिकेत संघाचे छायाचित्र होते आणि खाली सगळे स्वखुशीने गेल्याचा उल्लेख होता. पण १६ नोव्हेंबर १९१४च्या ‘एडिनबरो इव्हनिंग न्यूज’मध्ये ‘सैनिकाची मुलगी’ या सहीने एक पत्र छापून आले होते आणि त्यात सुचवले होते, की हार्ट्सना खेळतच राहायचे असेल तर त्यांनी ‘व्हाइट फेदर्स ऑफ मिडलोथियन’ असे नाव घ्यावे. पांढरे पीस म्हणजे भेकडपणाचा शिक्का. आपल्याकडे बांगड्यांचा आहेर पाठवतात तोच प्रकार. त्यानंतर नऊ दिवसांत ही भरती झाली. तीन भाषणांत त्या पत्राचा चकार शब्द नसावा, हे मला खटकले. ज्यांना लाज घालून धाडले त्यांचे ‘स्वखुशीने गेले’ म्हणून कौतुक करणे हा आदर आहे का?

सातारी माती

आपला मुद्दा समजला, पण पटला नाही. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे. त्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आजही तिथे आहे. त्या स्तंभापाशी हार घालताना कोण पोटासाठी गेला, कोण भावकीच्या भांडणाला कंटाळून गेला, याची चौकशी कोणी करत नाही. चौकशीला इतिहासकार आहेत, ग्रंथालये आहेत. तेराव्याच्या पंगतीत शवविच्छेदनाचा अहवाल वाचायचा नसतो.

शंकासुर

तेराव्याची पंगत फुकट असते, आणि तिला पाहुणे म्हणून शत्रुपक्षाचे सोयरेही येतात. धागाकर्त्यांनी सांगितलेले जेवण एका क्लबाच्या चाहत्यांचे. बटालियनमध्ये मात्र हिबर्नियनचे, म्हणजे एडिनबरोच्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याचे लोकही होते, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. एका खंदकात उभे राहिलेल्यांपैकी अर्ध्यांना शंभर वर्षांनी निमंत्रण नसावे, ही मला त्या पत्रापेक्षा मोठी चूक वाटते.

रेखा कु.

पत्र खरे आहे आणि ते विखारी होते, यात वाद नाही. मात्र सगळी भरती त्याच्या खात्यावर टाकण्यात गडबड होते आहे. हार्ट्सचाच खेळाडू जेम्स स्पीडी मॅक्रेंची बटालियन उभी राहण्याआधीच कॅमेरॉन हायलँडर्स या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दाखल झाला होता आणि २५ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये लूस येथे मारला गेला. शिवाय ज्या शेकडो पाठीराख्यांनी नावे नोंदवली त्यांना कोणत्या वर्तमानपत्राने टोमणा मारला होता? त्यांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. शनिवारी ज्याच्या नावाने घसा फोडायचा तो सोमवारी शिपाई होतो, आणि कारखान्यात शेजारी उभा राहणारा मित्रही त्याच्या मागे जातो. अशा वेळी माणूस ढकलला गेला की स्वतः चालत गेला, हे त्याला तरी सांगता आले असते का? सक्तीची भरती तर १९१६मध्ये आली. पाठीराख्यांच्या बटालियनची गोष्ट खेळाडूंच्या अकरा नावांवर संपवणे, हा पत्रिकेचाही दोष आहे आणि, क्षमा असावी, धागाकर्त्यांचाही.

पूर्वेचा वारा

रेखाताई, हे मान्य करतो. लिहिताना मीही खेळाडूंपाशीच अडकलो. खरे तर त्या दिवशी सगळ्यांत जास्त लक्षात राहिले ते वेगळेच. समोर बसलेल्या बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली कांस्याची तबकडी काढली, तळहाताएवढी, युद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारने पाठवलेली. त्यांच्या आजीचा भाऊ गोलपोस्टामागच्या गर्दीतला. तबकडीवर फक्त नाव होते. हुद्दा नाही, कारण सगळे सारखे मानावेत म्हणून तो कोणाच्याच तबकडीवर घालत नसत. त्यांनी ती पावाच्या बशीशेजारी ठेवली आणि जेवण संपेपर्यंत तिथेच राहू दिली. भाषणांत त्या माणसाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते.

तरीही माझे मूळ म्हणणे मागे घेत नाही. हार्ट्सचा बॉब मर्सर युद्धातून परत आला, पण विषारी वायूने फुप्फुसे खराब झालेली होती आणि १९२६मध्ये मैदानातच त्याचा अंत झाला. हे जेवताना ऐकवता येते, तर एक पत्र का ऐकवता येत नाही? सातारी माती म्हणतात तसे ते ग्रंथालयात आहेच, पण तिकीट काढून जेवायला आलेले दोनशे लोक ग्रंथालयात जाणार नाहीत.

सातारी माती

ठीक आहे, पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापा. भाषणात नको.

शंकासुर

आणि हिबर्नियनवाल्यांचे काय?

पूर्वेचा वारा

दोन्ही सूचना मी काल आजोबांच्या कानावर घातल्या. पत्र छापायला त्यांची हरकत नाही. हिबर्नियनचे नाव काढताच मात्र ते उठून चहा ठेवायला आत गेले. परत आल्यावर म्हणाले, एक टेबल देऊ, दाराजवळचे.