मोटरहोमच्या मागच्या चाकाची स्टीलची कव्हरं ढिली होतायत, नट नक्की किती आवळायचे?

यवतेश्वर पायथा
नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची. जुनी मिनीबस घेऊन आम्ही तिचं मोटरहोम करून घेतलंय, मागं डबल टायर, आणि चाकांना चकचकीत स्टीलची कव्हरं. परवा पुण्याहून येताना खंबाटकी उतरलो आणि मागनं खडखड यायला लागली, सुरूरच्या अलीकडं बाजूला घेऊन बघितलं तर डाव्या मागच्या चाकाचं कव्हर एका बाजूनं सुटून लोंबत होतं. ते हायवेवर उडून कुणा टू-व्हीलरवाल्याला लागलं असतं तर, हा विचार डोक्यातनं जातच नाही. गॅरेजवाल्यानं पान्यावर उभं राहून सगळे नट आवळून दिलेत. पण आता ते बरोबर आहेत का जास्त झालेत कसं कळायचं? आणि कव्हरचे नट न् चाकाचे नट वेगळे असतात का?

वखारभाग सांगली
ताई, वेगळे असतात, आणि सगळी गडबड इथंच होते बघा. कव्हरवर जे नट चमकतात त्यातले बरेचसे नुसते दिसायला, पत्र्याचेच. कव्हर धरणारे त्यात दोन-चार असतात. चाक धरणारे खरे नट आत झाकलेले, त्यामुळं कव्हर घट्ट आहे म्हणजे चाक घट्ट आहे असं अजिबात धरू नका, कव्हर काढून आत बघाच. नटापासनं बाहेरच्या बाजूला गंजाची लाल रेघ ओढल्यासारखी दिसली तर तो नट हलतोय.
चाकाचे नट समोरासमोर आवळायचे, एकाशेजारी एक नाही, आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनंच (ठरवलेला जोर झाला की कट्ट वाजणारा पाना), गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल त्यालाच. कव्हरच्या नटाला एवढा जोर लागत नाही, बोटानं बसेपर्यंत फिरवा मग छोट्या पान्यानं जरासं. कव्हर हलतंय म्हणून अजून पिळत बसलात तर पत्रा दबतो आणि चार दिवसांनी परत ढिलं.

घाटवाला कराड
पान्यावर उभं राहणं हे लई वाईट. हिशोब करा, ७० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर ३४० न्यूटन मीटरच्या आसपास जोर पडतो, लहान कारच्या चाकाला साधारण १०० च्या आसपास लागतो. तुमच्या गाडीचा आकडा जास्त असेल, पण तो मॅन्युअल बघूनच ठरवायचा, वजनावर नाही. जास्त आवळलं की स्टड, म्हणजे ज्यावर नट फिरतो तो आट्यांचा दांडा, ताणला जातो आणि पुढं कधीतरी तुटतो.
आणि आवळलेल्या नटावर आता टॉर्क रेंच लावून कट्ट आवाज आला म्हणून खूश होऊ नका, आधीच जास्त घट्ट असलेला नट पण लगेच कट्ट करतो. गाडी जमिनीवरच ठेवून एक-एक नट ढिला करा न् परत आकड्याला आणा. आट्यांना तेल-ग्रीस नको, मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच, कारण तेलानं घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ओढला जातो. घाट उतरून आल्या आल्या पण करू नका, ब्रेकचा ड्रम तापलेला असतो, गार होऊ द्या.

कृष्णाकाठ
एक गोष्ट राहिली. कव्हरची पट्टी चाकाच्या नटाखाली दाबलीय का बघा. बऱ्याच रिमना नट बसायची जागा उताराची असते, मधे पातळ पत्रा आला की नट नीट टेकत नाही, पत्रा दबत जातो न् नट आपोआप ढिला पडतो. आमच्या एका गाडीला हेच झालेलं, दर महिन्याला आवळायचो आणि कारण समजतच नव्हतं. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हची नळी पण बघा, कव्हरच्या कडेला घासत असेल तर हवा जाईल. काहीजण केबल टाय लावतात, स्टीलच्या कडेला तो कापला जातो, त्याच्या भरवशावर राहू नका.

यवतेश्वर पायथा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी गार गाडीवर पुढंमागं दगड लावून केलं. डाव्या मागच्या चाकाला दोन नटांखाली खरंच कव्हरची पट्टी निघाली, पार चेपलेली. आणि त्याच चाकाचा एक नट काढून परत लावताना हातानं अर्ध्यापर्यंतच गेला, पुढं सरकेना.

घाटवाला कराड
तो स्टड ताणलाय ताई, आटे लांबलेत. बदलूनच टाका, आणि नट पण नवा घ्या. तोपर्यंत घाटात नेऊ नका.

यवतेश्वर पायथा
स्टड आणि नट बदलला दादा, सगळे नट मॅन्युअलच्या आकड्याला आणले आणि प्रत्येक नटावरनं रिमवर पांढऱ्या पेंटची रेघ मारली, हलला तर लांबनंच दिसेल. कासला जाऊन आलो, जाऊन-येऊन ५० किलोमीटर भरतात, गार झाल्यावर परत टॉर्क रेंच लावला. एक नट थोडा फिरला, बाकीचे जागेवर. कव्हरं पुढचीच लावलीयत, मागची दुसरी पट्टी मिळेपर्यंत घरातच राहणार.