विषय: किचनमधल्या हार्डवूडच्या कडा वर आल्यात, सँडिंग करू का?

नमस्कार मंडळी,
इकडे न्यू जर्सीत एडिसनला घर घेऊन दोन वर्षं झाली. डिशवॉशरच्या पुढ्यात ओकच्या चारपाच फळ्यांच्या कडा वर आल्यात, अनवाणी चाललं की तळपायाला लागतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पुढच्या आठवड्यात सँडिंग करून सपाट करून देतो. गणपतीला माणसं येणार, तोवर उरकावं असं वाटतंय. कुणाला अनुभव?

---

ताई, सँडिंग आत्ता अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. आम्ही हीच घाई केली आणि अख्खा हॉल परत करावा लागला.

कडा वर नि मधे खोलगट म्हणजे फळी खालून पाणी प्यायलीय, उताणं ठेवलेलं नळीचं कौल डोळ्यासमोर आणा. आत्ता कडा घासल्या की सपाट दिसतं पण फळी वाळली की त्याच कडा खाली बसतात आणि मधला भाग उंच राहतो, कौल पालथं झालं!

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. रात्री दिवे बंद करून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा, उजेड फळ्यांना आडवा जाऊ दे, सावल्यांच्या रेघा जिथवर दिसतील तिथवर खडूने खूण करा. डाग पांढुरका असेल तर ओल बहुतेक वरच्या फिनिशमधेच (पॉलिशच्या थरात) आहे, काळा असेल तर लाकडात उतरलीय, ओकमधलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड ओलीत एकत्र आलं की शाईसारखा काळा डाग पडतो. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरभर बारीक फटी पडतात त्या वेगळ्या, उन्हाळ्यात आपोआप बुजतात, त्यांना घाबरू नका. पण एकाच जागी कडा उचलल्या की गळतीचाच संशय घ्यायचा.

सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा फिरतोय का बघा, आणि बेसमेंटमधून फळ्यांखालचं प्लायवूड हाताने चाचपा. इन्शुरन्सला अचानक फुटलेली नळी सहसा चालते, महिनोन्‌महिने झिरपलेलं पाणी सहसा नाही, म्हणून तारखेसकट फोटो आजच काढा.

माझ्याकडे लाकडात टोचून ओल मोजायचा दोन टाचण्यांचा मॉइश्चर मीटर आहे, घेऊन जा. फळी 3 इंचांपेक्षा अरुंद असेल तर फळी आणि खालच्या प्लायवूडच्या ओलीतला फरक 4 टक्क्यांच्या आत आला पाहिजे, रुंद असेल तर 2, तोवर सँडरला हात लावू देऊ नका.

---

दादा, सापडलं!! डिशवॉशर कोरडा ठणठणीत, गळत होती ती फ्रिजमागची आइसमेकरची नळी, जोडावर थेंब धरायचा, पुसला की दोन मिनिटांत परत. बेसमेंटमधे बरोब्बर त्याच्या खाली प्लायवूड काळं पडलंय, नख दाबलं तर रुततंय. हॉलमधल्या फळीत 8 टक्के आणि फ्रिजसमोर 17. नळीचा व्हॉल्व्ह बंद केलाय, बेसमेंटमधे हवेतली ओल ओढणारा डिह्युमिडिफायर लावलाय, कॉन्ट्रॅक्टरला नाही म्हणून सांगितलं. या वर्षी पाहुण्यांना चपला घालूनच किचनमधे या म्हणेन. मीटर अजून काही आठवडे ठेवला तर चालेल ना? दर रविवारी त्याच फळीचा आकडा लिहून ठेवतेय.