मदत हवी आहे : शेटलंड, शरद ऋतू, सोबत बाबा. फेअर आयल करावं का?

सोनकी
स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर पक्षी बघायला जातोय, बाबा सोबत आहेत. फक्त मुख्य बेटावर राहावं की फेअर आयल या लहान बेटावरही जावं, इथे आमचं घोडं अडलंय. फेरीबोटीच्या केबिन भराभर संपतायत, आज-उद्यात बुकिंग करायचंच आहे. शरदात तिकडे गेलेल्यांनी कृपया लवकर सांगा. थंडी-पावसाची माहिती आहे, ती नको.

खारवा
निघणार कुठून? भारतातून, की तिकडेच असता? फेरी म्हणजे अ‍ॅबर्डीन–लर्विक (शेटलंडचं मुख्य गाव) रात्रीचीच ना? आणि तारखा? सप्टेंबरची सुरुवात आणि ऑक्टोबरचा मध्य यांत तिथे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दर्याफिरस्ता
डोळे झाकून जा! संबरा हेडच्या कड्यावर पफिन पक्षी अगदी हातभर अंतरावर येऊन बसतात. आमची मुलं तिथून हलायला तयार नव्हती. तिथलं दीपगृहही चुकवू नका, १८२१ चं आहे, रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं.

रानवाट
@दर्याफिरस्ता, तुम्ही उन्हाळ्यात गेला असणार. ऑगस्ट उजाडला की पफिन समुद्रात निघून जातात, ते पुढच्या वसंतापर्यंत किनाऱ्याला येत नाहीत. त्यांनी शरद लिहिलंय.

दर्याफिरस्ता
हो, आम्ही जूनमध्ये होतो. पण मग शरदात उरतं काय? एवढा खर्च करून वडिलांना रिकामे कडे दाखवायचे? त्यापेक्षा पुढच्या जूनपर्यंत थांबा. रात्रीसुद्धा पुरता अंधार होत नाही तिकडे, भरपूर बघून होतं.

लेन्सवाला
१००-४०० पुरणार नाही, १५०-६०० घ्या. वाऱ्यात ट्रायपॉड हलतो, मोनोपॉड बरा. बॉडी कोणती आहे?

सोनकी
कॅमेऱ्याचं विचारलेलं नाही.
बाबा पुण्याहून येतायत, मी एडिनबरात असते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि पुढचे दोन-तीन दिवस. बाबा ७१ वर्षांचे आहेत, रोज टेकडी चढतात, पण उतरताना गुडघा दुखतो. पफिन त्यांना नकोच आहेत. पुण्यात हिवाळ्यात येणारे रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर आणि ब्लाइथ्स रीड वॉर्बलर ते वर्षानुवर्षं बघतायत. तेच पक्षी वाट चुकून शेटलंडला पोचतात असं त्यांनी वाचलं, तेव्हापासून हेच एक डोक्यात आहे. आता फेअर आयलचं सांगा.

रानवाट
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. तुमच्या बाबांनी अगदी योग्य दिवस निवडलेत!

हे पक्षी पूर्व युरोपपासून पुढे आशियात वीण करतात आणि हिवाळ्यासाठी आग्नेयेला, आपल्याकडे येतात. त्यातले काही, बहुतेक त्याच वर्षी जन्मलेले, उलट पश्चिमेला निघतात. स्कॅंडिनेव्हियावर हवेचा जास्त दाब असला आणि पूर्वेचा वारा सुटला की ते उत्तर समुद्रावर ढकलले जातात, आणि समोर पहिली जमीन लागते ती शेटलंडची. पूर्वेचा वारा आणि सोबत पाऊस असेल त्या दिवशी घरात बसू नका. सायबेरियातला यलो-ब्राउड वॉर्बलरही याच दिवसांत येतो, जेमतेम सहा-सात ग्रॅमचा जीव. कॉमन रोजफिंचही दिसू शकेल.

बेटावर झाडं जवळजवळ नाहीत. त्यामुळे दमलेला पक्षी जिथे आडोसा मिळेल तिथे शिरतो : दगडी गडग्याच्या कडेला, आयरिसच्या ओल्या पट्ट्यात, केलच्या वाफ्यात, कुणाच्या परसातल्या दोन सिकॅमोरच्या झाडांत. बाबांच्या गुडघ्याला हे सोयीचं आहे, कडे चढायची गरजच नाही. एक गडगा धरायचा आणि सावकाश चालायचं. फक्त परसात शिरण्याआधी घरमालकाला विचारा आणि फाटक उघडलंत तर लावून घ्या. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने फिरता येतं, पण घराचं आवार त्यात येत नाही.

दर्याफिरस्ता
म्हणजे सगळं वाऱ्याच्या भरवशावर. आठवडाभर पश्चिमेचा वारा राहिला तर?

रानवाट
तर अमेरिकेतून भरकटलेला एखादा पक्षी मिळायची शक्यता वाढते. आणि स्पिगीच्या तळ्यावर आइसलँडहून आलेले हूपर हंस असतातच, त्यांचं वाऱ्यावाचून अडत नाही. किनाऱ्यावर ग्रे सीलची पिल्लं दिसायला लागतात, पाणमांजरं आहेत. रिकामं नसतं हो काही.

घाटमाथा
एवढ्या लांब कशाला? भिगवणला जा, फ्लेमिंगो, बार-हेडेड गूज, शिवाय ताजी मासळी. भोरड्यांचे थवे बघायचे तर आपल्याकडेच.

रानवाट
भोरडीसुद्धा शेटलंडला भरकटून जाते, काका. पण त्यांना भिगवण विचारायचं नाहीये.

खारवा
आता फेअर आयल. मी तिथे राहिलोय. बेट जेमतेम पाच किलोमीटर लांब, वस्ती पन्नासच्या आसपास. पक्षी वेधशाळा १९४८ ची, जॉर्ज वॉटरस्टन यांनी सुरू केलेली. २०१९ मध्ये इमारत आगीत गेली, ती पुन्हा बांधली आहे. संध्याकाळी सगळे बसून दिवसभरात काय दिसलं याची नोंद लावतात. बाबांना तिथेच मुक्काम मिळाला तर ते रमतील.

पण जायचं कसं ते नीट समजून घ्या. मुख्य बेटावरच्या टिंगवॉलहून छोटं आयलंडर विमान, साधारण पंचवीस मिनिटं. किंवा ‘गुड शेफर्ड’ नावाची लहान बोट, अडीच तासांच्या आसपास, आणि ती हलते म्हणजे हलतेच. धुकं किंवा वारा असला की दोन्ही रद्द. म्हणून फेअर आयल सहलीच्या शेवटाला ठेवायचं नाही. सुरुवातीला करा, पुढचे दिवस मोकळे असू द्या. बाबांचं भारताचं विमान कधी आहे?

माजघर
बोट म्हटलं की आलेपाक हवाच. तासभर आधी एक वडी, आमच्याकडे कुणालाच लागत नाही. बाबा शाकाहारी आहेत का? भाजणी आणि मेतकूट सोबत द्या.

खारवा
आलेपाकाने उत्तर समुद्र थांबत नाही, ताई. डॉक्टरांना विचारून बोट लागण्याची गोळी घ्यावी. या वयात आधीची औषधं चालू असतील तर विचारूनच.

माजघर
मी गोळी घेऊ नका कुठे म्हटलं? वडी कुणाला बाधत नाही एवढंच सांगितलं.

सोनकी
शाकाहारी आहेत, पण लर्विकला टेस्को आहे, जेवणाचं मी बघते. भारताचं विमान परतल्यावर चार दिवसांनी आहे. गाडी मी चालवते. बोट नको, विमानानेच जाऊ. फेअर आयलला गेलो तर उत्तरेचं अन्स्ट बेट राहील, ते चालेल का? बाबांना अन्स्टही हवंय.

दर्याफिरस्ता
अन्स्ट करा! तिथल्या हर्मनेसच्या कड्यांवरचे गॅनेट पक्षी!

रानवाट
गॅनेट तोवर बहुतेक पांगलेले असतात आणि हर्मनेसची चाल गुडघ्याला जड जाईल. पण अन्स्टच्या बागांत आणि गडग्यांत स्थलांतरित पक्षी उत्तम मिळतात. मात्र दोन फेरीबोटी बदलायच्या (टॉफ्ट–उल्स्टा, मग गचर–बेलमाँट), त्यात अर्धा दिवस जातो. त्या दिवसांत उजेड अकरा तासांच्या आसपासच असतो. मी असतो तर आधी फेअर आयल, मग संबराजवळ मुक्काम. अन्स्टवर चांगला पक्षी आल्याची बातमी लागली तरच तिकडे पळायचं.

खारवा
मला हे पटत नाही. फेअर आयल आणि अन्स्ट दोन्ही गाठायला गेलात तर बाबा गाडीतच जास्त बसतील. एक निवडा. त्यांना नोंदी करायला आवडत असेल तर फेअर आयल.

सोनकी
त्यांच्या वह्यांनी कपाट भरलंय. फेअर आयल ठरलं. जातानाची केबिन आत्ताच मिळाली, येतानाची बघतेय. वेधशाळेला उद्या सकाळी विचारते. त्या छोट्या विमानात सामान किती चालतं? बाबा टेलिस्कोप आणणार आहेत.

खारवा
सामानावर मर्यादा कडक असते, तिकीट काढतानाच टेलिस्कोपचं वजन सांगा. मोठी बॅग लर्विकला ठेवता आली तर उत्तम. आणि वेधशाळेत जागा नसेल तर तिकीट काढू नका, बेटावर राहायच्या जागा मोजक्याच आहेत.