शोकसभेत बोलायला नाही म्हणायचंय, ताईला कसं सांगू?

मदत हवी आहे, आणि जरा घाईने. शोकसभा परवा संध्याकाळी आहे.

शाळेपासूनचा मित्र गेल्या आठवड्यात गेला. काल त्याच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. "तूच बोल रे. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?" मी म्हणालो, "बघतो ताई." "बघतो काय, पाचच मिनिटं," म्हणाली. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला.

खरी अडचण अशी की गेली दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. (कोणाचं चुकलं ते इथे नको.) घरी त्याने कोणाला सांगितलं नसावं, नाहीतर ताईने मला विचारलंच नसतं. तिच्या लेखी आम्ही अजून एकाच बाकावर बसतोय.

लोकांसमोर बोलायची भीती मला नाही, कामात रोज बोलतो, आणि हे तिला माहीत आहे. पण तिथे उभं राहून "माझा जिवलग" म्हणायचं तर जीभच वळणार नाही. खरं सांगायची ती जागा नाही आणि वेळही नाही.

रात्री एक मेसेज लिहिला. घसा बसलाय, काम अडकलंय, अशी चार कारणं त्यात होती. वाचून माझी मलाच लाज वाटली, खोडला. कारण न देता नाही म्हटलं तर ते तुटक वाटेल का? आणि फोन करू की मेसेज?

प्रतिसाद:
आधी तो "बघतो" मागे घ्या, आजच. तिने तो "हो" धरलाय. आज कळलं तर तिला दुसरा माणूस शोधता येईल, परवा दुपारी कळलं तर ऐनवेळी कोणाला तरी धरून उभं करतील. कारण एकच द्या, तेही खरं. घसा बसलाय म्हणालात तर ती म्हणेल, माइक आहे ना.

प्रतिसाद:
बोला हो. नंतर आयुष्यभर रुखरुख लागेल.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत नाही. रुखरुख आत्ताच आहे, पाच मिनिटांच्या भाषणाने ती जाणार नाही.

बाबा गेले तेव्हा लोकांना विचारायचं काम माझ्याकडे होतं. तिघांनी बोलायचं टाळलं. दोघांनी लगेच सांगितलं, त्यांचा कधी राग आला नाही. तिसरे "हो हो" म्हणाले आणि आलेच नाहीत, त्यांचं नाव पुकारून झाल्यावर मीच माइक घेऊन उभी राहिले. त्यांचा राग अजून आहे.

एक सुचवते. भांडणाच्या आधीचा एखादा प्रसंग लिहून द्या, दुसरं कोणीतरी वाचेल. ३०० शब्द पुरे, सावकाश वाचले तरी तीन मिनिटं होतात. त्यात जिवलगबिवलग काही नको, फक्त काय घडलं ते. आणि मेसेजच करा. फोनवर ती "अरे असं काय करतोस" म्हणाली की तुम्ही विरघळणार. शिवाय घरात माणसं असतील, मेसेज तिला सवडीने वाचता येईल.

साधारण असं लिहा: "ताई, काल मी बघतो म्हणालो, ते चुकलं. मला तिथे उभं राहून बोलणं जमणार नाही. त्याची एक आठवण लिहून उद्या सकाळपर्यंत पाठवतो, चाललं तर कोणालातरी वाचायला दे. मी येणार आहे. खुर्च्या लावण्यापासून काहीही काम सांग." दोन वेळा माफी मागू नका, नाहीतर तीच तुमची समजूत घालत बसेल.

मी (धागाकर्ता):
पाठवला, जवळजवळ जसाच्या तसा. पाऊण तास निळ्या खुणा बघत बसलो होतो. मग उत्तर आलं: "बरं. लवकर ये, खुर्च्या खरंच लावायच्या आहेत." का, ते विचारलंच नाही. तिला माहीत असावं असं आता वाटतंय, पण ते नंतर कधीतरी.

लिहायला बसलोय. तो घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावायचा आणि येताना ती दहा मिनिटं हिशोबात धरून पुन्हा उशीर करायचा, ते लिहितोय. १४० शब्द झालेत. त्याचा भाचा वाचणार आहे.